मोजणाऱ्याचंही मोजलं जावं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंज-जनकगंजच्या मराठी घरांमध्ये, हल्ली ख्यालीखुशालीच्या पाठोपाठ एक प्रश्न येतोच: "तुमच्याकडे नवा मीटर बसला का?" बसला असेल तर पुढचा प्रश्न बिलाचा. बसला नसेल तर सल्ला तयार असतो: दारच उघडू नका. हा सल्ला देणारी माणसं आडमुठी नाहीत. आयुष्यभर वेळेवर बिल भरणारी, शेवटची तारीख चुकू नये म्हणून आदल्या दिवशीच पैसे काढून ठेवणारी ही माणसं आहेत. तीच आज मीटर बदलायला आलेल्याकडे संशयाने बघतात, याचा विचार व्हायला हवा.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने वीज वितरण सुधारण्यासाठी ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना आणली. देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचे आणि वीजहानी १२ ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आणायची, असं तिचं उद्दिष्ट. ग्वाल्हेरचा वीजपुरवठा भोपाळची मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनी बघते. मध्य प्रदेशात काम वेळेत झालं नाही, तेव्हा राज्याच्या वीज नियामक आयोगाने मुदत मार्च २०२८पर्यंत वाढवून दिली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मीटर घ्यावा. आपण किती वीज वापरली हे खरं मोजलं जाणं ही आपलीही जबाबदारी आहे. ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात तारेवर आकडा टाकणं नवं नाही. कुठल्या गल्लीत कोण टाकतं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. त्या चोरीचा भार शेवटी दरवाढीच्या रूपाने बिल भरणाऱ्याच्याच डोक्यावर येतो. शिवाय वर्षानुवर्षं आपण 'आकलित खपत' नावाचा अन्याय सोसला आहे. रीडिंगवाला आलाच नाही, घराला कुलूप होतं, मीटर बंद होता, अशा कुठल्याही कारणाने अंदाजाचे युनिट बिलात चढायचे आणि ते उतरवून घ्यायला रोशनीघरात, म्हणजे इथल्या वीज कार्यालयात, खेटे घालावे लागायचे. रोजचं रीडिंग आपोआप जाणार असेल तर हा जाच संपतो.

मध्यमवर्गीय घराला आणखी एक उपयोग आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर पहिल्या १०० युनिटना १०० रुपये पडतात. दीडशेचा आकडा ओलांडला की सवलत जाते. उन्हाळ्यात कूलर रात्रभर चालतो, तेव्हा महिन्याच्या विसाव्या दिवशी आपण कुठे आहोत हे फोनवर दिसलं तर घरातली बाई त्यावरून पुढच्या दहा दिवसांचा हिशोब बसवू शकते. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर २० टक्के सवलतही राज्याने दिली आहे. पंप, इस्त्री, वॉशिंग मशीन दिवसा लावणाऱ्या घराला ती कामाची आहे.

पण मग बिल जास्त का येतं? एका ओळखीच्या वाड्यात मी हे जवळून पाहिलं. देवडीत लाकडी फळीवर ओळीने मीटर, पाच बिऱ्हाडांचे. सगळे बदलले गेले. बसवणारी मुलं "अम्मा, बस दस मिनट" म्हणाली आणि खरंच तेवढ्यात काम उरकलं. पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंचं बिल चांगलंच वाढून आलं. दोन दिवे, एक पंखा, छोटा फ्रिज, एवढाच त्यांचा संसार. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही आत बसा, मी भांडून येतो." त्याला थांबवून जुन्या वायरमनला बोलावलं. त्याने काकूंच्या घरातलं सगळं बंद केलं. मीटरवरचा तांबडा दिवा तरीही लुकलुकत राहिला. मग त्याने शेजारच्या बिऱ्हाडाचं मेन स्विच पाडलं, आणि काकूंच्या मीटरचा दिवा थांबला.

वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा भिंती वेगळ्या झाल्या होत्या, न्यूट्रलची तार एकच राहिली होती. जुना चकतीचा मीटर फक्त फेजच्या तारेतला करंट मोजायचा. आताचे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांतला करंट बघतात आणि जो जास्त असेल तो धरतात. चोरी पकडण्यासाठी केलेली ही योजना आहे. एकत्र न्यूट्रलच्या जुन्या घरात मात्र शेजाऱ्याचा भार निरपराध माणसाच्या बिलात येतो. लष्करातले किती वाडे असे असतील! मीटर बदलण्याआधी किंवा निदान बदलल्यावर अशा घरांची वायरिंग तपासून देणं हे मीटर बसवण्याच्याच कामात धरलं जायला हवं. तोपर्यंत आपण आपल्या खर्चाने ते करून घ्यावं. आणि तरीही शंका उरली तर ग्राहक हक्क नियमांमध्ये २०२४ साली झालेली सुधारणा लक्षात ठेवावी. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर वीज कंपनीने ५ दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावायचा आणि किमान ३ महिने ताळा बघायचा. हा हक्क लेखी अर्ज करून मागावा. फोनवरच्या तक्रारीचा कागद हाती राहत नाही.

इथपर्यंतचं सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. मला खरी काळजी वाटते ती मीटरच्या आत बसवलेल्या स्विचची. हा मीटर दुरून बंद करता येतो. वीज कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आजवर त्या नोटिशीनंतरही एक माणूस शिडी घेऊन दारात यायचा. घरात आजारी कोणी आहे, परीक्षेचा मुलगा आहे, सुतक आहे, हे त्याला दिसायचं. कधी तो म्हणायचा, "परवापर्यंत भरा, मी परत येतो." ही दया कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, पण तिच्यावर कितीतरी घरं तगली.

आपल्या शेजारच्या उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, चुकीचा आदेश गेल्यामुळे दीड लाखाच्या आसपास स्मार्ट मीटर बंद पडले. बिल भरलेल्यांच्या घरीही अंधार झाला. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांच्या घरात सक्तीने प्रीपेड, म्हणजे आगाऊ भरलेले पैसे संपले की वीज बंद करणारे, मीटर बसवण्याचे प्रकार फेब्रुवारी २०२३मध्ये उघड झाले, तेव्हा नियामकाने ते थांबवले. पुढे नवे नियम आले: आधाराला दुसरं कोणी नसलेली पंचाहत्तरीपुढची माणसं, दोन वर्षांखालचं मूल असलेली घरं, इथे ही सक्ती करायची नाही. मध्य प्रदेशात घरगुती ग्राहकाला सध्या बिल महिना संपल्यावरच येतं, हे खरं. पण स्विच तर आत बसलेला आहेच, आणि तो कोणाच्या हाती, कोणत्या अटींवर राहील, हे आज ठरवून घ्यायला हवं. वृद्धांच्या घराची, ऑक्सिजनच्या यंत्रावर जगणाऱ्याच्या घराची वीज माणूस दारात गेल्याशिवाय तोडू नये. प्रीपेड हवा की नको हे ज्याने त्याने सही करून सांगावं. महाराष्ट्रात २०२४ साली लोकांनी एवढा आवाज उठवला की सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जाहीर करावं लागलं. त्या विरोधाच्या मुळाशीही मला हीच भीती दिसते.

खासगीपणाची भीतीही पोकळ नाही. अर्ध्या-पाव तासाच्या नोंदीवरून घरातली माणसं कधी उठतात, कधी गावाला जातात, हे कळू शकतं. याच कारणाने नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती नाकारली होती.

आणि आता मूळ मुद्दा. वाण्याचा तराजू गिऱ्हाईक आणि वाणी दोघांच्या समोर टांगलेला असतो, म्हणून त्यावर दोघांचा विश्वास. हा मीटर तसा व्हायला हवा, आणि होऊ शकतो. तो फक्त आपण जाळलेले युनिट मोजत नाही. वीज कधी गेली, कधी आली, व्होल्टेज किती होतं, याचीही नोंद त्यात राहते. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रात्री दोन वाजता गल्ली अंधारते, तेव्हा ती वेळ मिनिटासह मीटरला माहीत असते. ग्राहक हक्क नियम २०२०मध्ये सांगितलं आहे की दुरून तपासता येईल अशा सेवेत कसूर झाली तर भरपाई आपोआप मिळावी. पूर्वी वीज गेल्याचा पुरावा आपल्याकडे नसायचा. आता तो आपल्याच देवडीत टांगला आहे. मग आपला एक युनिट जास्त झाला की लगेच कळवणाऱ्या या यंत्राने आपले गेलेले चार तास का लपवून ठेवावेत?

राज्याचे ऊर्जामंत्री प्रद्युम्न सिंह तोमर हे ग्वाल्हेरचेच आमदार. जून २०२१मध्ये ते इथे स्वतः विजेच्या खांबावर चढून साफसफाई करताना सगळ्यांनी पाहिले. त्यामागची तळमळ मी खोटी म्हणणार नाही. त्याच तळमळीने त्यांनी एक गोष्ट करावी: लष्कर, मुरार, हजीरा, प्रत्येक भागातल्या प्रत्येक फीडरवर महिन्यात किती वेळा आणि किती वेळ वीज गेली, हे या मीटरच्या नोंदीवरून दर महिन्याला रोशनीघराच्या दारावर लावावं आणि बिलाच्या मागेही छापावं. मीटरला विरोध करणाऱ्या मंडळींनीही दार बंद करण्याऐवजी हा कागद मागावा. जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा, बदलीच्या कागदाची प्रत घ्यावी, आणि पुढच्या महिन्यात बिल हातात आलं की भरण्याआधी लेखी अर्जात विचारावं: माझ्या घरी गेल्या महिन्यात वीज किती तास नव्हती, आणि त्याची भरपाई कुठे आहे?