विद्येची किंमत आणि विद्येचे मोल

पनवेल व आसपासच्या गावांतील तरुणांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : कॉलेजात एवढा पैसा घालून शेवटी पगार किती मिळणार? हा प्रश्न ऐकून पुष्कळ वडील मंडळी रागावतात. आम्हांस तो राग उचित वाटत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण व ठाणे या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. ज्या घरची भातशेती गेली, त्या घरी मोबदल्याचा पैसा हाच वाडवडिलांचा उरलेला ठेवा. तो फीत घालण्यापूर्वी मुलाने हिशेब विचारला, तर तो लोभ नव्हे. ते शहाणपणच होय.

मात्र हिशेब पुरा असावा. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क राज्य सरकार माफ करते. तरी गाडीभाडे, पुस्तके व बुडालेली मजुरी यांचा भार घरालाच सोसावा लागतो. याखेरीज एक रक्कम अशी आहे की, ती कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते.

पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे. ही संस्था कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे स्थापिली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांस अन्नाची ददात पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यास निघालेल्या शिवाजी कॉलेजात गरीब मुले अंगमेहनत करून शिकत. लक्ष्मीबाईंच्या त्या दागिन्यांचा परतावा कोणत्या पगारात मोजावा? परक्यांची लेकरे शिकली, हाच तो परतावा.

तेव्हा तरुणांनो, किंमत अवश्य विचारा. कॉलेजात न जाता सुतारकाम अथवा विजेचे काम शिकणाऱ्या सोबत्यास कमी लेखू नका. आईबापांस कर्जात घालून वर्गात पाऊल न टाकणे ही तर चोरीच होय. परंतु पगार हे विद्येचे एकमेव माप मानू नका. कोणाच्या तरी त्यागाने उघडलेल्या दारातून आपण आत आलो. आता आपल्यामागून येणाऱ्यासाठी ते दार आपण उघडे ठेवू काय, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्या एका मुलास सायंकाळी गणित शिकविले, तरी त्या ऋणाची फेड सुरू झाली असे समजावे.