मुख कोणाचे?

मनुष्याच्या अवयवांत मुख हा एकच अवयव असा आहे, की ज्यावरून जग त्याला ओळखते आणि जो त्याला स्वतःला कधीही प्रत्यक्ष पाहता येत नाही. हातपाय आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो. मुख मात्र आरशाने दाखवावे किंवा समोरच्याच्या नजरेवरून समजून घ्यावे. आपल्या भाषेने तर ते जवळजवळ समाजाच्याच स्वाधीन केले आहे. अब्रू गेली की ‘नाक कापले गेले’ असे आपण म्हणतो. लज्जित मनुष्यास ‘तोंड दाखवायला जागा’ उरत नाही. सून घरी आली की सूनमुख पाहण्याचा विधी होतो. वरवरच्या प्रीतीला आपण तोंडदेखली म्हणतो. तेव्हा मुख हे ज्याचे त्याचे, की जे ते पाहतात त्यांचे, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

एरवी हा प्रश्न निजलेला असतो. युद्धाने, आगीने, तेजाबाने किंवा रोगाने मोडलेले मुख शस्त्रवैद्याने पुन्हा घडविले, आणि तो मनुष्य आपल्या माणसांपासून दूर, परक्या नगरात बरा होत पडला, की मात्र तो जागा होतो. अशा काळात त्याने आपले मुख स्वकीयांस दाखवावे काय? स्वकीयांनी ते पाहण्याचा आग्रह धरावा काय? आणि वाटेवर भेटणाऱ्या परक्याचे कर्तव्य कोणते? या तीन प्रश्नांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

मुखाची पुनर्रचना ही विद्या आपल्या देशास नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात तुटलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसविण्याचा विधी आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे करून घ्यावे, त्या मापाने गालाचे मांस सोडवून नाकाच्या जागी जोडावे, श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, ज्येष्ठमधादी द्रव्यांचे चूर्ण घालून वर कापूस ठेवावा आणि तिळाचे तेल शिंपडावे, असा तो विधी. ही विद्या पुढे कारागिरांच्या हाती कशी टिकून राहिली होती, याचा पुरावा पुण्याजवळचा आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत छापून आली. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजी फौजेचे बैल हाकीत असता टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. बारा महिन्यांहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडण्याचा धंदा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. त्याने मेणाचा नमुना कपाळावर ठेवून रेघ आखली, दोन डोळ्यांमधली एक पट्टी न कापता ठेवली, काताचा लेप लावला, पाचसहा दिवस रुग्णास उताणे निजविले आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली. हा वृत्तांत वाचूनच लंडनच्या कार्प्यू नामक शस्त्रवैद्याने १८१४ साली ही क्रिया केली आणि १८१६ साली तिजवर ग्रंथ लिहिला.

या वृत्तांतात त्वचेची, लेपाची, दिवसांची सारी नोंद आहे. परंतु त्या बारा महिन्यांत कावसजी कोणाच्या ओटीवर बसला, कोणी त्याला पंगतीत घेतले, याविषयी त्यात एक अक्षर नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. नाक कापणे ही आपल्याकडे शिक्षा होती. म्हणून कापलेले नाक हीच अपराधाची खूण ठरली. कावसजीचा अपराध कोणता? तो शत्रूच्या हाती सापडला एवढाच. तरी रस्त्याने जाणाऱ्यास दंडित चोर आणि कावसजी यांच्यात भेद दिसणे शक्य नव्हते. कारागिराने मांस जोडले. लाज मात्र पाहणारांनी आधीच जोडून ठेवली होती.

आता या पुनर्रचनेचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. ती एका दिवसात होत नाही. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज या शस्त्रवैद्याने इंग्लंडात सिडकप येथे १९१७ साली उघडलेल्या रुग्णालयात सैनिकांची मुखे घडविली. १९२५ पर्यंत तेथे ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. छातीची किंवा खांद्याची त्वचा उचलून, तिच्या कडा शिवून तिची नळी करावयाची, एक टोक मूळ जागी ठेवून दुसरे मुखाशी जोडावयाचे, तेथे रक्त खेळू लागले की मूळ टोक सोडवावयाचे, अशी ती पद्धती होती. दोन पायऱ्यांमध्ये आठवडे जात, साऱ्या कामास महिने, क्वचित वर्षे. या अवधीत त्या मनुष्यास जे मुख असे ते जुने नव्हे आणि नवेही नव्हे. पाहणारास ते कधीकधी मूळ जखमेहून भयंकर वाटे. बांधकाम चालू असलेल्या घरात राहावे तसा तो मनुष्य आपल्याच मुखात राहत असे.

अशा वेळी रुग्णाने म्हणावे, ‘पुरे होईपर्यंत माझ्या माणसांनी मला पाहू नये,’ तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. परका त्याला पाहतो तेव्हा तुलना करावयास त्याच्यापाशी जुने मुख नसते. आई पाहते, पत्नी पाहते, तेव्हा तिच्या डोळ्यांत दोन मुखे असतात, आणि त्या दोहोंतील अंतर अश्रू होऊन बाहेर पडते. मग ज्याच्या जबड्यातून शब्द फुटत नाही त्यालाच उलट तिचे सांत्वन करावे लागते. दूर असणे हे त्याचे दुःख आहे खरे, परंतु तेच त्याचे थोडे विश्रांतिस्थानही आहे. ‘जवळ माणसे नाहीत, बिचारा!’ असे आपण सहज म्हणतो. त्या बिचाऱ्यास माणसांची ओढ असते तशीच त्यांच्या नजरेची धास्तीही असते, हे आपल्या गावी नसते.

तथापि याची दुसरी बाजू अधिक बळकट आहे. ‘पुरे झाल्यावर पाहा’ म्हणणारा ज्या दिवसाची वाट पाहत असतो तो दिवस उगवतच नाही. पुनर्रचित मुख कितीही चांगले साधले तरी ते पूर्वीचे मुख नव्हे. घरच्यांच्या मनात तेवढा काळ जुनेच मुख राहिले, तर शेवटी दारात उभा राहणारा मनुष्य त्यांना पाहुणा वाटेल. मुखाची ओळख एकाएकी पटत नाही. मूल वाढताना त्याचे मुख रोज पालटते, पण आई रोज पाहत असते म्हणून तिला ते कधीच परके होत नाही. जे मुख टप्प्याटप्प्याने घडते त्याची ओळखही टप्प्याटप्प्यानेच व्हावी लागते.

परक्यांच्या कर्तव्याविषयी इंग्लंडातील दोन गावांची तुलना उद्बोधक आहे. सिडकपला रुग्णालयाकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाके निळ्या रंगाने रंगविलेली होती, असे सांगतात. निळ्या बाकावर बसलेल्या मनुष्याचे मुख पाहून धक्का बसेल, ही येणाराजाणारास दिलेली सूचना होती. गिलीजच्या रुग्णांपासून आरसेही दूर ठेवीत. या दोन्ही व्यवस्था निर्दयपणाच्या नव्हत्या, दयेपोटीच्याच होत्या. परंतु जेथे भिंतीवर आरसा नाही तेथे रुग्ण त्या रिकाम्या भिंतीतच आपले मुख पाहतो, आणि ते खऱ्याहून विद्रूप असते. निळे बाकही पाहणारास धक्क्यापासून वाचवी, बसणारास मात्र बहिष्कृत करी.

दुसरे गाव ईस्ट ग्रिन्स्टेड. तेथे दुसऱ्या महायुद्धात गिलीजचाच नातलग आर्चिबाल्ड मॅकइंडो जळालेल्या वैमानिकांवर उपचार करीत असे. त्यांपैकी पुष्कळ जण कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया अशा दूरच्या देशांतले. घर जवळ असण्याचा प्रश्नच नव्हता. मॅकइंडोने त्यांना रुग्णालयाच्या निळ्या पोशाखाऐवजी स्वतःचा सैनिकी गणवेश घालू दिला, गावात फिरावयास पाठविले, आणि गावकऱ्यांस विनविले की यांना घरी बोलवा, यांच्याकडे मनुष्याकडे पाहावे तसे पाहा. गावाने ते मानले. टक लावून न पाहणारे गाव अशी त्याची ख्याती झाली. १९४१ साली रुग्णांनी आपले मंडळ काढले आणि आपल्यावर नवनवे प्रयोग होतात म्हणून थट्टेने त्यास ‘गिनिपिग क्लब’ असे नाव दिले. पैसे घेऊन पळून जाता येऊ नये म्हणून पाय भाजलेला खजिनदार निवडला, आणि फार लिहिता येऊ नये म्हणून बोटे भाजलेला चिटणीस! युद्ध संपले तेव्हा सभासद ६४९ होते.

या दोन गावांतील फरक नीट पाहिला पाहिजे. एकाने नजर वळविण्याची सोय केली. दुसऱ्याने नजर शिकविली. टक लावून पाहणे आणि नजर चुकविणे ही आम्हांस एकाच अपराधाची दोन रूपे वाटतात, कारण दोहोंत मुखच दिसते, मनुष्य दिसत नाही. यांवाचून तिसरे एक पाहणे आहे. देवापुढे उभे राहून आपण दर्शन घेतो म्हणतो, तेव्हा आपण पाहतो इतकेच नव्हे, आपणही पाहिले जातो अशी आपली श्रद्धा असते. ज्याच्याकडे पाहावयाचे तोही आपल्याकडे पाहत आहे, ही जाणीव ठेवून पाहणे, हे ते तिसरे पाहणे होय.

हे सर्व दूर देशीचे आहे असे कोणी म्हणू नये. तंबाखू आणि सुपारी यांमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघर ठाऊक झाला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली स्थापन झाले, देशभरातून रुग्ण येतात. त्यात गोवे, बेळगाव, इंदूर येथील माणसेही असतात. कोणाचा अर्धा जबडा काढून पिंढरीतील बारीक हाड त्या जागी बसवितात, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडतात. ही पद्धती न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. कोणाच्या गालास छातीचे मांस लावतात. पहिले काही दिवस नाकातल्या नळीने अन्न, गळ्यातल्या छिद्राने श्वास, आणि बोलणे पाटीवर. जखम भरल्यावर पुष्कळांना किरणोपचारांसाठी आणखी सहा आठवडे रोज जावे लागते. शेत, दुकान, मुलांची शाळा सोडून सारे घर मुंबईत कसे राहणार? एक भाऊ किंवा एक मुलगा जवळ राहतो, बाकीचे गावी. संध्याकाळी घरून दूरध्वनी येतो, त्यावर आता चित्रही दिसते. आणि रुग्ण ते यंत्र छताकडे वळवून धरतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत असे रुग्ण शेजारी शेजारी राहतात. तेथे कोणी कोणापासून तोंड लपवीत नाही. त्यांचेही ते एक मंडळच म्हणावयाचे, नाव नसलेले.

परंतु धर्मशाळेतून मनुष्य गावी परततो, आणि खरी परीक्षा त्यानंतर आपली असते. नव्या त्वचेस संवेदना नसते. हनुवटीवर शीत चिकटले तर त्याला कळत नाही, ओठातून पाणी ओघळले तर उमगत नाही. म्हणून तो देवळाच्या समाराधनेस येतो, दर्शन घेतो आणि पाने मांडण्याआधी निघून जातो. त्याला कोणी घालविलेले नसते. पण त्याला कोणी थांबविलेलेही नसते. निळे बाक आपल्याही देवळात असते, ते फक्त रंगविलेले नसते, इतकेच. शिवाय ‘तंबाखू खाल्ली, भोगतो आहे’ हे वाक्य कोणीतरी हलक्या आवाजात बोलतोच. तंबाखूचे दुष्परिणाम तरुणांना अवश्य सांगावेत; परंतु ते सांगण्यासाठी या मनुष्याच्या मुखाचा फळा करू नये. कापलेल्या नाकास अपराधाची खूण मानणारी जुनी दृष्टी या वाक्यात जिवंत आहे. ज्याने तंबाखूला कधी हात लावला नाही अशालाही हा रोग होतो, आणि त्यालाही हेच वाक्य ऐकावे लागते.

तर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्हांस असे वाटते की मुख ज्याचे त्याचे आहे, परंतु त्याची ओळख ही त्याने स्वकीयांपाशी ठेवलेली ठेव आहे. ठेव जपणे म्हणजे जुने छायाचित्र उशाशी धरून बसणे नव्हे. धन्याने मागताच आज चालेल अशा नाण्यात ती परत करता आली पाहिजे. म्हणून केव्हा दाखवावे हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा. कसे पाहावे हे शिकण्याचे कर्तव्य आपले. त्याने यंत्र छताकडे वळविले तर ‘दाखव, दाखव’ म्हणून हट्ट धरू नये, आणि ‘राहू दे, बरा झाल्यावर पाहू’ असे म्हणून सुटकाही करून घेऊ नये. छताशी बोलत राहावे. गाय व्याली, पावसाने पागोळ्या धरल्या, धाकटा नापास झाला, हे सारे सांगत राहावे. ज्या घरात आपली अजून गरज आहे असे त्याला कळते, त्या घराला तो एक दिवस आपणहून तोंड दाखवितो. त्या दिवशी डोळे पाणावले तरी चालतील. वळू मात्र नयेत.

आणि पंगतीत त्याचे पान नेहमीच्या जागी मांडावे. भात मऊ वाढावा, वरण पातळ वाढावे, पेज हवी असेल तर पेज द्यावी, आणि हे त्याच्यासाठी मुद्दाम केले असे बोलून दाखवू नये. हनुवटीवर शीत राहिले तर शेजारच्याने स्वतःच्या हनुवटीला बोट लावून हळूच खुणवावे आणि आपला घास पुढे चालू ठेवावा.