धैर्याचा अभ्यास

धैर्य हे उपजत असते, ते एखाद्याच्या ठायी असते वा नसते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते. जे केवळ नशिबाने मिळावयाचे, त्याचा उपदेश कोण कशाला करील?

दरवर्षी २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन साजरा करतो. १९५४ साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून सुटले, हे आपल्या घरांतील मुलेही सांगतात. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे संगीतकार होते. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून त्यांनी खटपट केली आणि पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम घडवून आणला. चाली बांधणारा माणूस अशा कामी उतरतो, हे नवल खरेच.

परंतु आमचे मन त्या दिवसापेक्षा पुढच्या सात वर्षांकडे अधिक ओढ घेते. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विधिवत् सामील झाला. तोवर येथील कारभार वरिष्ठ पंचायतीने चालविला. मध्यंतरी, १९५५ साली, पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. त्याचा निकाल लागावयास १९६० चा एप्रिल उजाडला. जुने राज्यकर्ते परततील की काय, या शंकेस जागा असताना रोज सकाळी कचेरी उघडून कामाला बसावयाचे! उडी एकदाच मारावयाची असते. तेथे सोबती असतात, आवेश असतो. कचेरीत आवेश कोठला? या सात वर्षांचा उल्लेख आपल्या समारंभांतून क्वचितच ऐकू येतो.

असे धैर्य अंगी येते कसे? गांधीजी मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी तो खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपविला. पुढे १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांसमोर ते बोलले, तेच त्यांचे पहिले जाहीर भाषण. विषय होता व्यापारातील सचोटी. मोठ्या सत्याग्रहांपूर्वीची ही लहानशी पायरी आम्हांस फार मोलाची वाटते.

पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे लोकांची भीती आम्हांस जवळून दिसते. कोणी मुलाच्या परीक्षेसाठी, कोणी कारखान्यातल्या नोकरीसाठी नवस बोलतो. संकट टळावे हेच बहुधा मागणे असते. त्यास तोंड देण्याचे बळ मागणारा विरळा. त्यात वावगे काही नाही, पण मुलीच्या लग्नात देण्याघेण्याची गोष्ट निघाली की ‘आम्ही देणार नाही’ हे तीन शब्द देव येऊन उच्चारणार नाही. ते बापासच उच्चारावे लागतात, आणि आईने आधी उच्चारले तर अधिक बरे.

आपल्या मंडळाचेच पाहा. वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि शंका निघतात त्या बाहेर चपला घालताना. आमचे वडील याच देवळात पूजा करतात, तेव्हा हे लिहिताना आमचा हात जरा थबकला. तरीही विनंती अशी की, ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी येत्या सभेत उभे राहून विचारावे. आरंभास समईच्या तेलाचा खर्च किती, एवढा प्रश्नही चालेल.