गिलाव्याआडची भिंत

जुने घर विकावयाचे ठरले की घरमालक प्रथम गवंड्यास बोलावतो. वकिलाची आठवण त्यास मागाहून होते. आमच्याकडे कागद येईपर्यंत भिंतींवर नवा गिलावा चढलेला असतो, वाशांखाली पांढरे सपाट छत टांगलेले असते आणि मंगलोरी कौलांना तांबडा रंग फासलेला असतो. मालक झालेल्या खर्चाचा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि त्याच्या तिप्पट रक्कम किमतीत मिळवतो. या व्यवहारात कायद्याचा प्रश्न लहान आहे, धर्माचा मोठा आहे, असे आम्हांस फार उशिरा वाटू लागले. ते का, हे पुढे सांगावे लागेलच.

आमच्या फोंडा महालातील जुन्या घरांची मांडणी परक्यास विचित्र वाटते. चौसोपी घर कोणा एका कर्त्या पुरुषाने बांधलेले असते आणि पुढच्या पिढ्यांच्या वाटण्यांनी ते चिरलेले असते. गोव्याच्या वारसाकायद्याप्रमाणे बापास आपल्या मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक भागाची मृत्युपत्राने मनास येईल तशी विल्हेवाट लावता येत नाही; उरलेले मुलामुलींस समान जाते. तेव्हा जिना एकाच्या वाट्यास येतो आणि माडी दुसऱ्याच्या. देवाची कूड आमची, पण तिचे दार चुलत्यांच्या वसरीत उघडते. राजांगण सामाईक राहते, आणि तुळशीस पाणी कोणी कोणत्या दिवशी घालावे यावर जावाजावांत अबोला धरला जातो. आम्ही एक असे घर पाहिले आहे की ज्यात कोठारात जाण्यास न्हाणीतून वाट होती! परंतु ही मांडणी कोणास फसवीत नाही. घेणारा दारातून आत आला की चार पावलांत त्यास सारे दिसते. घराचा इतिहास तेथे उघडा मांडलेला असतो. पटला तर घ्यावे, न पटला तर नमस्कार करून निघावे.

विक्रीपूर्वीच्या डागडुजीचे तसे नाही. ती पुष्कळदा राहण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी केलेली असते. घेणारा ज्या चकचकीत लाद्यांचे पैसे मोजतो त्याच लाद्या पुढच्या वर्षी उखडतो; हा निव्वळ अपव्यय झाला. तथापि जास्त किंमत मागणे हा, आमच्या मते, उघडा लोभ आहे, आणि उघड्या लोभास नकार देता येतो. कौटिल्याने मात्र त्यालाही मोकळीक दिली नव्हती. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या विक्रीचा विधी दिला आहे: आधी नातलग, मग शेजारी, मग धनको, आणि त्यानंतर बाहेरचे. शेजाऱ्यांसमक्ष, घरापुढे, सीमा सांगून किमतीचा तीन वेळा पुकारा करावयाचा. आणि चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जावयाची. कौटिल्याचा डोळा खजिन्यावर होता हे खरे. पण शेजाऱ्यांसमक्ष घर विकणे यात आम्हांस निराळेच शहाणपण दिसते. कोणती भिंत पावसात पाझरते हे शेजाऱ्यांस ठाऊक असते.

प्रश्न आहे तो पाझरणाऱ्या भिंतीचा. रोमन वकील सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात नेमके हेच उदाहरण आहे. एक सज्जन गृहस्थ घर विकतो. घर रोगट आहे, निजावयाच्या खोल्यांतून सरपटणारे प्राणी निघतात, लाकूड कच्चे आहे. आणि हे मालकावाचून कोणासही ठाऊक नाही. त्याने ते सांगितले पाहिजे काय? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगावयास लावतो तेवढे सांगावे. घेणाऱ्यास विकत घेण्याची सक्ती कोणी केली नव्हती. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणे हे अथेन्समध्ये शापास पात्र होते, आणि हे तर त्याहून वाईट, कारण येथे जाणूनबुजून दुसऱ्यास चुकीच्या वाटेस लावले जाते. सिसेरो कौल देतो तो शिष्याच्या बाजूने. वकिलाने असा कौल द्यावा याचे आम्हांस विद्यार्थिदशेत आश्चर्य वाटले होते.

आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही या बाबतीत अँटिपेटरच्या पुष्कळ जवळ आहे. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्यास आढळणार नाही, तो सांगण्याचे बंधन कलम ५५ घालते, आणि न सांगणे हे कपट होय असे स्पष्ट म्हणते. मात्र त्याच कलमाच्या आरंभी, उलट करार नसेल तर, अशी सवलत आहे. वकिलाची लेखणी त्या सवलतीत शिरते. ‘खरेदीदाराने मिळकत स्वतः पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली आहे’ हे वाक्य आम्ही किती खरेदीखतांत लिहिले असेल याची गणती नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नव्या इमारतींच्या विकासकांवर पाच वर्षे रचनेतील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी टाकली. वडिलार्जित घर विकणाऱ्या गृहस्थास ती शिवत नाही.

आमचे वडिलांचे घर आम्ही फेब्रुवारी २०१९ मध्ये विकले. आम्ही तिघे भाऊ, तिघांच्या पत्नी. येथल्या रिवाजाप्रमाणे खतावर सहा सह्या झाल्या. विहिरीकडची पूर्वेची भिंत चिऱ्यांची, आतून मातीने जोडलेली. दर श्रावणात ती कमरेइतकी ओल धरी, चुन्याचा जुना गिलावा खपल्या टाकी, आणि मार्गशीर्षापर्यंत वाळून जाई. आई त्या भिंतीस कधी भाताची कणगी लावू देत नसे. विक्रीपूर्वी थोरल्या बंधूंनी तीवर सिमेंटचा गिलावा करविला. सिमेंट चुन्यासारखे श्वास घेत नाही. आत शिरलेले पाणी बाहेर पडू न शकल्याने वर वर चढते व तुळयांची टोके कुजवते. तेथे मग वाळवी येते. (वारुळास सातेरी म्हणून पुजणाऱ्या आमच्या मुलखात वाळवीविषयी फार कठोर बोलवत नाही!) गवंड्याने हे आम्हांस सांगितले होते. गिलाव्यास व रंगास दोन लाख लागले. किंमत सहा लाखांनी चढली.

घेणारे बेळगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक. कुलदेवाच्या पालखीस चालत जाता यावे, एवढ्यासाठी त्यांस येथे घर हवे होते. त्यांनी घर दोनदा पाहिले, दोन्ही वेळा माघातल्या लख्ख उन्हात. भिंतीवर हात फिरवून ‘सुंदर’ म्हणाले. आम्ही शेजारी उभे होतो, आणि गप्प होतो. आम्ही खोटे बोललो नाही, असे त्या वेळी आम्ही मनास सांगितले. परंतु ओली भिंत झाकण्यासाठी केलेला गिलावा हेच एक विधान आहे. ‘ही भिंत कोरडी आहे’, असे तो बोलतो, आणि मालकाच्या वतीने बोलतो. आम्ही तोंड मिटले तरी भिंत आमच्यासाठी खोटे बोलतच होती, आणि तिच्या बोलण्याचे सहा लाख आम्ही वाटून घेतले होते.

जुलै २०२१ मध्ये गुरुजी छत्री टेकीत आमच्या दारी आले. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा सुटून पडला होता. त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. चहा झाल्यावर एवढेच विचारले, “हें तुमकां खबर आशिल्लें?”

आम्ही “होय” म्हणालो. खताचे ते कलम जिभेवर आले होते, हेही येथे कबूल करतो.

गुरुजी थोडा वेळ पागोळ्यांकडे पाहत बसले. मग म्हणाले, सांगितले असतेत तरी घर मी घेतलेच असते, कदाचित त्याच किमतीस. फक्त पत्नीचा पलंग त्या भिंतीस लावला नसता. बाईंना दमा होता, आणि दोन पावसाळे त्या तेथे निजत होत्या. अतिकिंमतीचा हिशेब आम्ही तोवर रुपयांत करीत होतो.

बंधूंस आम्ही सर्व कळविले. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी आपल्या हिश्शाची रक्कम पाठविली. थोरल्यांनी खरेदीखताची प्रत काढून त्यातील ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांखाली शाईने रेघ ओढून ती आम्हांस धाडली. ते शब्द आमचेच होते. पुढल्या वैशाखात सिमेंट खरवडून त्या भिंतीस पुन्हा चुन्याचा गिलावा केला. खर्चाचे दोन वाटे आम्हां दोघा भावांचे होते. तिसरा गुरुजींनी आपण होऊन भरला, आणि आमच्या आग्रहास दाद दिली नाही. बाईंचा पलंग आता राजांगणाकडच्या खोलीत आहे. त्या खोलीत जाण्यास देवाच्या कुडीतून वळसा घालावा लागतो.