मंडालेची पेन्सिल

1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात. पन्नाशी उलटलेली, अंगात मधुमेह. शाई मिळायची नाही, सुटे कागदही नाहीत. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि टोक करून दिलेल्या पेन्सिली तेवढ्या मिळत. 1910-11च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, त्यांनी भगवद्गीतेवरच्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथाचा खर्डा त्या वह्यांत उतरवला. सक्तीच्या एकांतात बसलेला हा माणूस संन्यासाविरुद्ध आणि कर्माच्या बाजूने लिहीत होता, ही गंमत नजरेआड करू नये.

खरा प्रश्न पुढेच आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. मग ध्येय कशाला?

टिळकांच्या तुरुंगवासात त्याचं एक उत्तर दिसतं. आज कोणतं प्रकरण लिहायचं, हे त्यांच्या हातात होतं. पुस्तक छापलं जाईल की नाही, हे सरकारच्या. 1912मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याचं तिथेच कळलं. 1914मध्ये सुटका झाली, तरी वह्या लगेच परत मिळाल्या नाहीत. पण ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असा त्यांचा भरवसा होता. 1915मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मात्र ध्येय आणि लेखन यांना मनाच्या दुखण्यावरचा रामबाण उपाय मानू नये. साने गुरुजींनीही 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांच्यापाशी ध्येय होतं, लेखणीही अखंड चालू होती. तरीही 1950मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. निर्मितीने मनाला आधार मिळतो. औषधोपचाराची आणि माणसांच्या सोबतीची जागा मात्र ती घेत नाही.