अली नावाचे जर्मन घराणे

आडनाव माणसाचे असते, की माणूस आडनावाचा असतो? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण घर भाड्याने घेताना किंवा नोकरीचा अर्ज देताना आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदललेला ज्यांना पाहावा लागतो, त्यांच्यासाठी तो खेळ नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक लांबचे, तरीही आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण घेत आहोत. जर्मनीत एक घराणे आहे. तीन शतकांहून अधिक काळ ते जर्मन आहे, आणि त्याचे आडनाव आहे अली. रोमन लिपीत ते शेवटी 'आय' ऐवजी 'वाय' घालून लिहितात, एवढाच फरक.

जर्मन आडनावांची घडण आपल्यापेक्षा फार वेगळी नाही. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. आपल्याकडे तांबोळी, शिकलगार, अत्तार, पिंजारी ही आडनावे जशी धंद्यावरून पडली, तशीच तिकडेही पडली. काही गावावरून आली, काही बापाच्या नावावरून. अली हे आडनाव मात्र यांपैकी कोणत्याच वाटेने आलेले नाही. ते युद्धातून आले.

१६८३ साली उस्मानी फौजांचा व्हिएन्नापुढे पराभव झाला. पुढची काही वर्षे त्या मागे हटत राहिल्या आणि १६८६ मध्ये बुडा शहर त्यांच्या हातून गेले. या लढायांत पुष्कळ मुसलमान पुरुष, स्त्रिया आणि मुले कैद झाली आणि जर्मन संस्थानांत नेली गेली. जर्मन भाषेत त्यांच्यासाठी जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'लुटीतले तुर्क' असा होतो. तोफा, तंबू, घोडे आणि माणसे, सगळे एकाच यादीत. यांतल्या अनेकांचा बाप्तिस्मा झाला. काही राजवाड्यांत चाकरीला लागले. त्या काळी दरबारात एखादा तुर्क चाकर असणे ही मिरवण्याची गोष्ट होती.

बुडाच्या वेढ्यात ब्रांडेनबुर्गच्या फौजेने पकडलेला अली हा असाच एक कैदी. तो बर्लिनला आला आणि सोफी शार्लोट हिच्या खासगी चाकरीत राहिला. हीच पुढे १७०१ मध्ये प्रशियाची राणी झाली. बाप्तिस्म्यानंतर त्याचे नाव फ्रीडरिश अली असे झाले. येथे थोडे थांबायला हवे. त्या काळच्या उस्मानी मुसलमानांत वंशपरंपरेने चालणारी आडनावे बहुधा नसत. तुर्कस्तानात तर आडनावाचा कायदा १९३४ साली झाला. म्हणजे अली हे त्या माणसाचे आडनाव नव्हतेच. ते त्याचे स्वतःचे नाव होते, आईबापांनी पाळण्यात ठेवलेले. नवा धर्म आणि नवा धनी आला, तसे राजाकडचे फ्रीडरिश हे नाव पुढे बसले आणि त्याचे खरे नाव मागे सरून आडनाव झाले.

याला काय म्हणायचे? कोणी म्हणेल, निदान नाव तरी राहू दिले. कोणी म्हणेल, माणूस तुर्क आहे हे दिसत राहावे म्हणूनच ते राहू दिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ज्या महालात राणी तत्त्वज्ञ लायब्निट्झशी ईश्वराच्या न्यायाविषयी चर्चा करी, त्याच राणीच्या चाकरीत हा कैदी होता. त्या चर्चेत त्याच्या नशिबाचा विषय कधी निघाला असेल का, असे मनात येते.

याच राणीचा भाऊ हॅनोव्हरचा जॉर्ज. तो १७१४ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. त्याच्याकडेही मेहमत नावाचा तुर्क सेवक होता. बाप्तिस्म्याने तो लुडविग मॅक्सिमिलियन मेहमत झाला आणि १७१६ साली त्याला सरदारकीसोबत 'फॉन क्योनिगस्ट्रॉय' असे आडनाव मिळाले. अर्थ, राजाशी इमान राखणारा. भावाच्या सेवकाला इमानदारीचे बिरुद आडनाव म्हणून मिळाले, बहिणीच्या सेवकाकडे जन्मनावच आडनाव म्हणून उरले. वारसांसाठी यांतले कोणते चांगले? आम्हाला वाटते, दुसरे. पहिल्यात धन्याची आठवण आहे, दुसऱ्यात आईबापांची.

आता आकड्यांकडे पाहू. जर्मनीत आडनावांचा शास्त्रीय अभ्यास चालतो. २००५ सालच्या टेलिफोन नोंदींवरून अभ्यासकांनी आडनावांचे नकाशे तयार केले आणि त्यांत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावे सापडली. कोणते आडनाव कुठे दाट आणि कुठे विरळ, हे या नकाशांवर दिसते. पण अली या आडनावापाशी नकाशा अपुरा पडतो. विसाव्या शतकात इजिप्तमधून जर्मनीत आलेल्या अनेकांचे आडनावही अली आहे, आणि तेही 'वाय' घालूनच लिहिले जाते. नकाशावर दोघांचे ठिपके सारखे. एकाचा पूर्वज बेड्यांत आला, दुसरा शिक्षणासाठी किंवा पोटासाठी आला. नाव मोजता येते, नावामागचा माणूस मोजता येत नाही.

मोजणी नेहमीच निरुपद्रवी असते असेही नाही. प्रशियाने १८१२ च्या फर्मानाने यहुद्यांना नागरिकत्व दिले, तेव्हा कायमचे आडनाव घेण्याची अट घातली. इतरांसारखे व्हा, असा त्याचा अर्थ होता. सव्वाशे वर्षांनी त्याच भूमीवर १९३८ मध्ये हुकूम निघाला की, ज्यांच्या नावावरून यहुदीपण ओळखू येत नाही, अशा पुरुषांनी नावाला 'इझ्राएल' आणि स्त्रियांनी 'सारा' जोडावे. एकदा नावाने मिसळून घेतले, एकदा नावानेच वेगळे काढले. १९३९ च्या जनगणनेत तर आजीआजोबांचा वंश नोंदवणारी वेगळी पुरवणी होती. मोजण्याचा, ओळखण्याचा आणि बाजूला काढण्याचा हा सारा व्यवहार ज्या पुस्तकाने १९८४ मध्ये उलगडून दाखवला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक आहेत इतिहासकार ग्योट्झ अली. त्या बुडाच्या कैद्याचेच ते वंशज. रक्तामुळे माणूस असे लिहितो, असे आम्ही म्हणणार नाही. रक्तावरून माणूस ठरवण्याच्या विरोधातच तर ते पुस्तक आहे.

आजची स्थिती काय आहे? २०१० साली कॉन्स्टान्झ विद्यापीठातील दोन संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ५२८ जाहिरातींना त्यांनी दोन-दोन अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, दोघांची मातृभाषा जर्मन, फरक फक्त नावात: एक जर्मन, एक तुर्की. जर्मन नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाली, लहान कंपन्यांत २४ टक्क्यांनी. मात्र ज्या अर्जांसोबत उमेदवाराच्या स्वभावाची ग्वाही देणारी शिफारसपत्रे होती, तेथे हा फरक उरला नाही. म्हणजे माणूस कळला की नावाचा दबदबा कमी होतो, असे समजावे काय? इतके सोपे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत जर्मन नावाच्या तरुणीला १८.८ टक्के, तुर्की नावाच्या तरुणीला १३.५ टक्के आणि तेच तुर्की नाव व फोटोत डोक्यावर हिजाब असेल तर अवघी ४.२ टक्के बोलावणी आली. काहींना माहीत नसते म्हणून ते नाकारतात, आणि काही माहीत असूनही नाकारतात. आपल्या देशातही सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना सवर्ण नावांपेक्षा कमी बोलावणी आल्याचे दिसले.

मग नावाचे महत्त्व मानावे की मानू नये? मानू नये म्हटले, तर अलीच्या वारसांनी तीनशे वर्षे जपलेले नाव निरर्थक ठरते. मानावे म्हटले, तर अर्ज बाजूला टाकणाऱ्याची बाजू बळकट होते. आम्हाला वाटते, उत्तर कोण विचारतो यावर आहे. ज्याचे नाव आहे, त्याच्यासाठी ते अमानत आहे. ते जपावे, त्याचा अर्थ मुलांना सांगावा. पण जो न्याय करायला, काम द्यायला, घर द्यायला किंवा सोयरीक जुळवायला बसला आहे, त्याला त्या नावावरून निकाल देण्याचा हक नाही. भीतीपोटी कोणी मुलाचे नाव बेताचे, कुठेही खपेल असे ठेवले, तर दोष त्या आईबापांचा नाही. ज्या समाजाने ती भीती निर्माण केली, त्याने उत्तर द्यायचे आहे.

आणि हा नियम फक्त इतरांसाठी नाही. खानदान विचारून सय्यद-पठाणांना वरचे पाट आणि पिंजारी-बागवानांना दारातली जागा देणारी माणसे आपल्यातही आहेत. कुळे आणि जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपणा मिरवण्यासाठी नाहीत, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. नोकरीच्या दारात जो अन्याय आपल्याला बोचतो, तोच लग्नाच्या बैठकीत रिवाज म्हणून चालवून घेता येणार नाही. बर्लिनच्या दरबारात अलीला नाव विचारले गेले असेल ते वहीत लिहिण्यापुरते. समोर आलेल्या माणसाला नाव विचारल्यावर त्याचे पुढचे बोलणेही ऐकून घ्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.