ऋण कुणाचे, फेड कुणाला?

दर शुक्रवारी रात्री साडेआठच्या सुमारास मी इथल्या, इंग्लंडमधल्या, एका चर्चच्या हॉलमध्ये कप विसळत उभा असतो. बाहेर स्काऊटची तीसेक मुलेमुली दंगा करत असतात. त्यात माझा मुलगा नाही. चौदा वर्षांचा झाला आणि त्याने स्काऊट सोडले, त्याला दोन वर्षे झाली. मंडळातले मित्र थट्टेने विचारतात, "अरे, पोरगा सुटला, तू कधी सुटणार?" थट्टेतल्या या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे शिक्षण साताऱ्याला झाले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्काऊटचा तास. खाकी हाफपँट, गळ्यात स्कार्फ आणि त्याला वॉगल. 'खरी कमाई'च्या दिवसांत आम्ही लोकांच्या सायकली पुसायचो, अंगणे झाडायचो आणि मिळालेले पैसे पथकात जमा करायचो. शिकवणारे सर एरवी गणिताचे. एका शिबिरात रात्री पाऊस आला आणि मी उभारलेला तंबू माझ्याच अंगावर कोसळला. सर धावत आले. मला वाटले, आता तेच गाठी मारतील. पण त्यांनी दोराला हातही लावला नाही. मी चुकलेली गाठ सोडवून पुन्हा नीट मारीपर्यंत ते भिजत, बॅटरी धरून उभे राहिले.

पुढे एम.एस्सी.साठी इकडे आलो, आयटीत शिरलो आणि कन्सल्टंट झालो. आम्हा लोकांना तासातासाचा हिशेब लावायची सवय! मुलगा कबमध्ये असताना तिथल्या बाईंनी पालकांना विचारले, "कुणी मदतीला येता का? माणसे नाहीत, वर्ग बंद करावा लागेल." मी खाली बघितले. प्रोजेक्ट ऐन रंगात होता. निदान मनाला तसे समजावले.

त्याच डिसेंबरात साताऱ्याला गेलो, तेव्हा शाल आणि कंदी पेढे घेऊन सरांना भेटलो. त्यांनी मला ओळखले नाही. तंबूची गोष्टही आठवेना. म्हणाले, "दरवर्षी तीस-पस्तीस पोरं असायची रे, कुणाकुणाला लक्षात ठेवणार?" आणि मग सहज विचारले, "तू तिकडं स्काऊट घेतोस का?"

"नाही सर, वेळ मिळत नाही."

"बरं, बरं," म्हणत त्यांनी शाल नीट घडी घालून बाजूला ठेवली. ते 'बरं, बरं' परतीच्या विमानातही माझ्या कानात होते.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. त्यातल्या ऋषिऋणाची मला मोठी गंमत वाटते. बँकेचे कर्ज बँकेत भरता येते, पण ऋषींना विद्या परत कशी करणार? ती स्वतः शिकायची आणि पुढच्याला द्यायची, एवढीच फेड. मी मात्र शाल देऊन खाते बंद करायला निघालो होतो!

यावर माझ्याकडे एक युक्तिवाद तयार होता. ऋण साताऱ्याचे, मग फेड इंग्लंडमध्ये का? बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे पहिले शिबिर घेतले. १९०९ मध्ये ही चळवळ भारतात आली, पण सुरुवातीला भारतीय मुलांना तिचे दार बंद होते. अ‍ॅनी बेझंट, मदनमोहन मालवीय यांच्यासारख्यांनी १९१० च्या दशकात आपल्या मुलांसाठी वेगळी पथके उभारली आणि पुढे १९५० मध्ये 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' ही एकत्रित संस्था झाली. मग या गोऱ्यांचे मी काय देणे लागतो? शाळेला चेक पाठवला की झाले!

हा युक्तिवाद मला फार सोयीचा होता, आणि म्हणूनच त्याचा संशय आला. पहिली गोष्ट, सरांनी मला पैसे दिले नव्हते, आपले शनिवार दिले होते. दुसरी, माझे ऋण दार बंद करणाऱ्यांचे नव्हतेच. बाहेर राहिलेल्या मुलांसाठी दार उघडणाऱ्यांचे होते. आणि आज इथेही मुले प्रतीक्षा यादीत ताटकळत आहेत, कारण शिकवायला मोठी माणसे पुरत नाहीत. बाहेर थांबलेल्या मुलाला आपण गाव विचारायचे का?

मी नाव दिले, तर आधी माझीच तपासणी! गुन्ह्यांची नोंद आहे का, ओळख देणारे कोण, सारे विचारले. क्षणभर राग आला. पण अमेरिकेतल्या 'बॉय स्काऊट्स'ला २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि त्या प्रकरणात लैंगिक अत्याचाराचे ८० हजारांहून अधिक दावे दाखल झाले. 'भला माणूस आहे' एवढ्या विश्वासाची किंमत मुलांनी मोजली. माझ्या मानापेक्षा त्यांची सुरक्षितता मोठी, हे पटले.

माजी स्काऊट-गाईड मंडळींनी चळवळीच्या पाठीशी उभे राहणे काही नवे नाही. गाईड चळवळीतल्या प्रौढांची 'ट्रेफॉइल गिल्ड' इथे १९४३ पासून आहे, आणि १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न येथे प्रौढ स्काऊट-गाईडांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 'पाठीशी' हा शब्द महत्त्वाचा. पहिल्याच शिबिरात मी "आमच्या वेळी" सुरू केले आणि एका अकरा वर्षांच्या मुलीच्या हातातला दोर घेऊन गाठ मारू लागलो. ती अदबीने म्हणाली, "मला येते, पण दिसत नाहीये." मी दोर परत दिला आणि बॅटरी धरली. सर त्या रात्री का भिजत उभे राहिले, ते मला तीस वर्षांनी कळले.

मंडळी, आपल्या मराठी शाळेचेही असेच नाही का? मुलाचा शेवटचा वर्ग संपला की आई-बाबाही त्याच दिवशी निवृत्त! ज्यांच्या जिवावर आपली मुले शिकली, ते दोन-चार जण मग एकटे उरतात. स्काऊट असो की मराठी शाळा, आपले मूल बाहेर पडल्यावर आपण तिथे थांबतो का, यावरूनच आधी केलेली मदत मुलापुरती होती की फेड होती, ते ठरते.

या तीस मुलांपैकी कुणालाही पुढे माझे नाव आठवणार नाही. सरांना तरी माझे कुठे आठवले? त्याचे आता वाईट वाटत नाही. या वर्षी साताऱ्याला जाईन तेव्हा शाल नेणार नाही. एवढेच सांगेन, "सर, घेतो स्काऊट."